डाव्या कानातला तलाव

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी भुताखेतांतली नाही. देवाधर्मातलीही फारशी नाही. मी घाणीतली आहे. गोंदियात एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, आणि लोकांच्या शरीरातून जे जे बाहेर येतं ते डबीत, काचेवर आणि मायक्रोस्कोपखाली बघण्यात माझं आयुष्य चाललंय. त्यामुळे या सदरातले अनुभव वाचताना मी नेहमी एकच प्रश्न विचारायचे – सँपल कुठंय? पांढऱ्या साडीतल्या बाया, पैंजणांचे आवाज... सँपल दाखवा, मग बोलू. आता माझ्याकडेच सँपल आहे आणि ते कुणाला दाखवायची मला लाज वाटते. लाज नाही, किळस. ज्यांना जेवताना वाचायची सवय आहे त्यांनी आधी जेवण उरकून घ्यावं.

रोज घाण बघून माणूस घाणीला सरावतो असं लोकांना वाटतं. माझं उलट झालं. पाणीपुरीच्या पाण्यात काय पोहतं ते मला माहीत आहे, म्हणून मी पाणीपुरी खात नाही. भाज्या मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवते, फळं पुसून मग धुते, आणि बाहेरून आलेल्या माणसाला आधी मोरीचा रस्ता दाखवते. माझा नवरा नितीन म्हणतो की एक दिवस मी त्यालाही मिठाच्या पाण्यात भिजत घालणार आहे.

अंदमानला जाऊन स्कुबा डायव्हिंग करायचं खूळ नितीनचं. मी हो म्हटलं, कारण फोटोतलं पाणी स्वच्छ दिसत होतं. पण तयारी माझी. बोट लागू नये म्हणून गोळ्या, जुलाबासाठी ओआरएस, डॉक्टरांना विचारून आणलेले कानाचे ड्रॉप, सनस्क्रीन, स्वतःचे टॉवेल. सीलबंद बाटलीशिवाय पाणी नाही, बर्फ नाही, कच्चं सॅलड नाही. सर्दी झाली तर डाइव्ह नाही, शेवटच्या डाइव्हनंतर पुरता दिवस गेल्याशिवाय विमान नाही. नितीन वैतागला होता, पण सांगते, आमच्या बोटीतले निम्मे लोक आजारी पडले आणि आमचं पोट एकदाही बिघडलं नाही.

निघण्याआधी माहेरी जाऊन आलो. माझं माहेर नवेगाव बांधच्या अलीकडे, चांदा फोर्टच्या लाईनवर. गावाचं नाव देत नाही, बाबांना आवडणार नाही. आम्ही कोहळी समाजाचे. आमच्या लोकांनी या भागात जागोजागी तलाव बांधले, तसा एक लहानसा तलाव आमच्या घराचाही आहे. बोडीहून, म्हणजे शेततळ्याहून, थोडा मोठा, आणि त्याच्याखाली फक्त आमच्याच बांध्या, म्हणजे धानाची शेतं. पाळीला, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाला, आतल्या बाजूने दगडी तुडूम आहे, ती पाणी सोडायची जागा. त्याला एकाखाली एक भोकं आणि प्रत्येक भोकात लाकडी बूच. पावसाळी धान निघालं की कुणीतरी बुडी मारून खालचं बूच ठोकून बसवायचं आणि भोवती माती लिंपायची. तेवढं नीट झालं तर उन्हाळी धानाला पाणी पुरतं. आमच्याकडे हे काम बाबा करतात. साठी उलटली तरी बाबाच.

ही लिंपायची माती तलावाच्या तळातली. काळी, चिकट, जवसाच्या तेलात मळलेली, आणि म्हशी जिथे दिवसभर बसतात तिथून काढलेली. त्याच मातीच्या हरभऱ्याएवढ्या दोन गोळ्या बाबा बुडी मारण्याआधी कानात दाबतात. लहानपणापासून बघत आलेय, आणि लहानपणापासून मला त्याने मळमळतं. त्या दिवशी बूच बसवून ते वर आले, अंगावरून शेवाळ ओघळत होतं, आणि तसेच पाळीवर बसून त्यांनी उरलेल्या मातीतून दोन गोळ्या केल्या. अंगठ्याने दाबल्या. बाबांच्या उजव्या अंगठ्यावर विळ्याचा जुना वण आहे, तिरपा, त्यामुळे त्यांनी दाबलेल्या प्रत्येक गोष्टीवर तिरपी रेघ उमटते. पळसाच्या पानात गुंडाळून पुडी माझ्या हातात दिली.

"तिकडं समुद्रात बुडून राहिली ना तू? मंग कानात घालजो. याच मातीनं आता तुडूम लावलो. थेंब जात नाही."

मी म्हटलं, बाबा, यात म्हशीचं शेण आहे. ते म्हणाले, माह्या कानाले काय झाला का आजपर्यंत? वाद घालण्यात अर्थ नव्हता. पुडी घेतली, पिशवीत पिशवी, त्यात पिशवी अशी बांधली आणि बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात टाकली.

बेटावर पोचल्यावर पुडी उघडून बघितली. पान सुकून चुरा झालं होतं, पण गोळ्या ओल्याच. एकीवर बारीक पांढरी अळी वळवळत होती. इन्स्ट्रक्टरने सकाळीच सांगितलं होतं की कानात काहीही घालायचं नाही, साधा कापूसही नाही. खाली पाण्याचा दाब वाढतो, नाक धरून हवा फुंकायची म्हणजे कान मोकळा होतो. कानात बोळा असेल तर पडदा फाटू शकतो. हे मुद्दाम सांगतेय, कारण आपल्याकडच्या माणसाला पाण्यात उतरायचं म्हटलं की पहिलं सुचतं ते कान बुजवणं. मी दोन्ही गोळ्या हॉटेलच्या डस्टबिनमध्ये टाकल्या आणि साबणाने हात धुतले. साफसफाईवाल्या मुलीने माझ्यासमोर त्या कचऱ्याच्या पिशवीला गाठ मारून ती नेली. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा टाकेन. त्या गोळ्या माझ्या कानाला शिवल्यासुद्धा नव्हत्या, एवढं लक्षात ठेवा.

डाइव्ह सुंदर झाली. आयुष्यात पहिल्यांदा मला चोहीकडे पाणी असून कशाचीही घाण वाटली नाही. एकच गोष्ट झाली. तळाशी गुडघे टेकले आणि डाव्या कानात 'गुब्' असा आवाज आला. लाकडी बूच भोकात बसतं तेव्हा पाळीवर उभं राहून अगदी हाच आवाज ऐकू येतो. मला हसू आलं, तोंडातली नळी सुटता सुटता राहिली. वर आल्यावर कान मोकळा झाला आणि मी ते विसरून गेले.

गोंदियाला परतल्यावर कान खाजायला लागला. मग दडा बसला. मग एका सकाळी उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावर रुपयाएवढा काळा डाग. वास घेतला आणि उठून मोरीत जाऊन ओकले. उन्हाळ्यात तलाव आटायला लागला की काठावर जो वास येतो ना – सडलेली शिंगाड्याची पानं, मेलेले मासे, म्हशी – तो वास. माझ्या कानातून. नितीन म्हणाला, समुद्राचं पाणी साचलं असेल. समुद्राला असा वास येत नाही हे त्यालाही माहीत होतं.

कानाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं आणि माझ्याकडे तिरस्काराने बघितलं. तो तिरस्कार मी ओळखते, कारण मी रोज तसाच पेशंटकडे बघते.

"मॅडम, तालाब में नहाए क्या?"

मी सांगितलं की तलावात पाय घालून मला वर्षं लोटली. त्यांनी सक्शनची नळी लावली. ट्रेमध्ये काळा चिखल पडला. मळ नव्हे, पू नव्हे, चिखल. तेलकट, चकचकीत. त्यात हिरव्या शेवाळाचा धागा होता आणि मोहरीएवढी गोगलगाय. ती ट्रेमध्ये शिंगं बाहेर काढून चालायला लागली. माझ्या कानातून निघालेली गोगलगाय चालत होती. डॉक्टर दोन पावलं मागे सरकले. मी तो चिखल डबीत भरून लॅबमध्ये नेला आणि काचेवर घेतला. मिठाचा लवलेश नाही, सगळा गोड्या पाण्यातला जीव, टुणटुण उड्या मारणारे किडे, हिरवे तंतू. शिकत असताना मीच एकदा आमच्या तलावातलं पाणी मायक्रोस्कोपखाली बघितलं होतं. हेच होतं.

त्याच दुपारी बाबांचा फोन. तुडूम फुटला. म्हणजे बूच जागेवर, पण त्याच्या बाजूने पाणी सुटलेलं. खालच्या बांधीतल्या पऱ्ह्यात, म्हणजे धानाच्या कोवळ्या रोपांत, पाणी शिरून बाकीचं नाल्याला लागलं. बाबांनी दोन वेळा बुडी मारून माती लिंपली, थांबेना. मी म्हटलं, म्हातारपणी असले उद्योग करू नका, आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात माझा कान पुन्हा भरला. तोच वास, तोच डाग. आणि घरून कळलं की तुडूम आपोआप थांबला, बाबा खुशीत आहेत, रोवणी, म्हणजे धानाची लावणी, सुरू केली. मी पुन्हा कान साफ करून घेतला. संध्याकाळी फोन – पुन्हा पाणी सुटलं. पुन्हा कान भरला, पुन्हा तुडूम बंद. माझ्या डोक्यातही नव्हतं. कान साफ केला की तुडूम सुटतो, हे नितीननेच एकदा भाजी निवडता निवडता बोलून दाखवलं आणि मी त्याच्यावर ओरडले. इतकी घाणेरडी कल्पना मी आयुष्यात ऐकली नव्हती.

पण सँपल मागणारी बाई मी. कंट्रोल, म्हणजे पडताळणीची तपासणी, घेतल्याशिवाय रिपोर्ट देत नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा बाबांना भर दुपारी पाळीवर उभं केलं, कशासाठी ते सांगितलं नाही. नितीनने फोन स्पीकरवर ठेवला. डॉक्टरांना वाटलं घरात कुणी गंभीर आजारी आहे. बाबा म्हणाले, बंद आहे, पाट कोरडा आहे. डॉक्टरांनी नळी लावली, कानात चर्र झालं, ट्रेमध्ये पहिला लोळा पडला...

"आला," बाबा म्हणाले. "पानी सुटला, बाई."

मी खुर्चीवर बसूनच ओकले, ट्रेमध्येच. भीती वाटली नाही. लोक विचारतात म्हणून सांगते, भीतीला जागाच उरली नव्हती. आपल्या डोक्याच्या आत म्हशी बसणारं डबकं आहे, ही गोष्ट कळल्यावर माणसाला फक्त स्वतःला काढून ठेवावंसं वाटतं.

त्या दिवशी बाबांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. रोवणी झालेली होती. तलाव रिकामा झाला तर उभं धान जाणार होतं, आणि उन्हाळी धानावरच त्यांचं पुढचं वर्ष चालतं. ते म्हणाले, तू कान साफ करत राय, मी पाहून घेतो. कसं पाहणार होते? मी ठरवलं, धान कापून होईपर्यंत कानाला हात लावायचा नाही. मी फार थोर आहे म्हणून नाही. माझा स्वभाव हट्टी आहे आणि तो बाबांकडूनच आलाय.

ते दिवस कसे काढले ते सांगवत नाही, तरी सांगते. रोज सकाळी कापूस बदलायचा, काळा झालेला बोळा दोन पिशव्यांत बांधून टाकायचा. डोक्याला स्कार्फ. नितीन बिचारा उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला गेला. लॅबमधल्या पोरी म्हणायला लागल्या की नाली तुंबली वाटते, आणि त्यांच्यासोबत मीही फिनाईल टाकायचे. घास चावताना कानात चिखल पचपचायचा, म्हणून जेवण सुटलं, नुसतं ताक प्यायचे. डाव्या बाजूने काही ऐकू यायचं नाही, फक्त आत बुडबुडे, आणि कधीकधी बेडकाचा आवाज. खरंच. मी, जी कोथिंबीर तीन पाण्यांतून काढते, ती कानात बेडूक घेऊन लोकांचं रक्त तपासत होती. फोनवर मात्र बाबा सांगायचे की धान असं आलंय, तसं आलंय, आणि मी विचारायचे, तलाव भरलेला आहे ना?

मग कान ठणकायला लागला. ताप आला. चिखलासोबत पिवळा पू यायला लागला, आणि तो वास वेगळा, तो मी चांगला ओळखते. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की आता साफ केलं नाही तर पडदा जाईल आणि त्या कानाने ऐकायचं विसरा. मी म्हटलं, थोडे दिवस. ते म्हणाले, आपकी मर्जी, आणि पुढचा पेशंट बोलावला.

हे नितीनने बाबांना कळवलं असणार. बाबा सकाळच्या गाडीने आले. सोबत वांगी आणि लाखोरीची डाळ. मी आतल्या खोलीत पडले होते. त्यांनी माझी मान वळवून कान बघितला. मग उशीचा अभ्रा उचलला आणि नाकाला लावला. मी म्हटलं, बाबा, ठेवा ते, घाण आहे. त्यांनी अभ्र्याची घडी घालून तो उशाशी ठेवला. चहा टाकला होता, तो न घेताच परतीच्या गाडीला गेले.

दुसऱ्या दिवशी ताप उतरल्यासारखा वाटला म्हणून लॅबला गेले. दुपारी मायक्रोस्कोपवर वाकले होते आणि डाव्या कानात 'गुब्' झालं. पण या वेळी आवाज उलटा होता, काहीतरी उपटल्यासारखा. आणि कान वाहायला लागला. स्कार्फमधून, मानेवरून, पांढऱ्या ॲप्रनवर, टेबलावरच्या काचांवर, काळं पाणी, पू, शेवाळ, सगळं. पोरी किंचाळत बाहेर पळाल्या. मी सिंककडे धावले आणि डोकं खाली धरून उभी राहिले. थांबेचना. एका कानात एवढं पाणी मावतंच कुठे? शेवटी धार बारीक झाली आणि मला डाव्या बाजूने पंख्याचा आवाज ऐकू आला.

मी हात पुसून गावी फोन लावला.

"बाबा, बूच काढलं का?"

"हो."

"धान निसवायला आलंय ना? लोंब्या भरायच्या आहेत अजून."

"धान पुढच्या वर्सी होते," ते म्हणाले. "कान कुठून आनू?"

मी त्यांच्यावर चिडले. एवढे दिवस मी ही घाण कशासाठी सोसली, एवढंच विचारायचं होतं, पण रडायला यायला लागलं. ते म्हणाले, आता गरम पान्यानं आंघोळ कर अन् झोप. फोन ठेवताना मागे पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता, आणि तो मला डाव्या कानाने ऐकू आला.

सिंक धुवायला वळले तर जाळीवर काहीतरी अडकलं होतं. आधी वाटलं गोगलगाय. चिमट्याने उचलली. हरभऱ्याएवढी मातीची गोळी, एका बाजूने चपटी. सवयीने नळ सोडला आणि ती पाण्याखाली धरणार तोच दिसलं, चपट्या बाजूवर अंगठ्याचा ठसा होता. ठशातून तिरपी रेघ गेली होती. वास जवसाच्या तेलाचा.

उन्हाळी धानाचे निम्मे दाणे पोचट निघाले. माझा कान कोरडा आहे, डाव्या बाजूने थोडं कमी ऐकू येतं एवढंच. त्यानंतर कानाला किंवा तुडुमाला काही झालेलं नाही. बाबांना गोळी दाखवली तेव्हा त्यांनी ती उजेडात धरून बघितली आणि विचारलं, दुसरी? मी म्हटलं, दोन्ही तिकडेच टाकल्या होत्या. "मंग दुसरी राहू दे तिकडंच," म्हणाले, आणि उठून गेले.

डॉक्टर म्हणतात बुरशीचं इन्फेक्शन होतं, कदाचित तलावाचं दूषित पाणी. गोगलगायीबद्दल विचारलं की ते विषय बदलतात. नितीन म्हणतो, गोळी कपड्यांना चिकटून आली असेल. मी स्वतः तिचा कण काचेवर घेऊन बघितला, आमच्या तलावाची माती आहे, बस. पुढचं मला सांगता येत नाही, आणि ज्याला येत असेल त्याने मला जरूर कळवावं.

ती गोळी लॅबमधल्या निर्जंतुक डबीत ठेवली आहे, स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर. इतके महिने झाले, वाळत नाही. झाकण उघडलं की तोच वास येतो आणि मला उमासा येतो. या घरात येणारी प्रत्येक वस्तू मी धुते. ती मात्र धुतलेली नाही, कारण धुतली तर बाबांचा अंगठा जाईल.